कुंपणाजवळचा माणूस

चौदाव्या फोटोतला म्हातारा पुसायला त्याला अर्धं मिनिटही लागलं नाही. मागे नुसतं गवत होतं, आणि गवतावरून माणूस पुसायला फार अक्कल लागत नाही. शेजारचा हिरवा तुकडा उचलायचा, माणसावर ठेवायचा, कडा जरा विस्कटायच्या, की संपलं. आधी काठी गेली, मग पाय, मग धड, शेवटी टोपी. टोपीच्या मागे कुंपणाची आडवी फळी होती, ती मात्र नीट सांधावी लागली, कारण लाकडाच्या रेषा जुळल्या नाहीत तर ते बघणाऱ्याच्या डोळ्याला खुपतं, आणि डोळ्याला खुपलेलं घर कोणी विकत घेत नाही. हे साहेबांचं म्हणणं. साहेब म्हणजे ऑफिसचे मालक. विकायला काढलेल्या घरांची माहितीपत्रकं छापायची, एवढाच त्यांचा धंदा, पण त्यावर ते असे बोलत की जणू घरं तेच बांधतात. फोटोत माणूस असला की भाव पडतो, हे त्यांचं दुसरं आवडतं वाक्य. घेणाऱ्याला तिथे तो स्वतःच दिसला पाहिजे, दुसऱ्याचा बाप नको. तेव्हा एकोणीस वर्षं तो माणसं काढत आला होता, आणि माणसांबरोबर विजेच्या तारा, भिंतीवरची ओल, कुत्र्याची थाळी, वाळत घातलेले कपडे, उगाच रेंगाळणारे ढग. ऑफिसात सगळे त्याला खोडरबर म्हणत. सुरुवातीला त्याला ते लागलं होतं. पुढे अंगवळणी पडलं, आणि आता तर फोनवर स्वतःच सांगायचा, खोडरबर बोलतोय, काय काढायचंय.

पंधरावा फोटो स्वयंपाकघराचा होता. त्यात माणूस नव्हता, म्हणून त्याला बरं वाटलं. खिडकीखाली जुनं दगडी सिंक होतं आणि त्याच्या डाव्या काठाला एक खोबण पडलेली होती, घासून घासून गुळगुळीत झालेली. डाग असो की टवका, तो सगळं मोठं करून बघायचा, इतकं मोठं की घर दिसायचंच नाही, नुसता दगड दिसायचा, किंवा चुना, किंवा पान. घर बघायला लागलं तर काम होत नाही, हे त्यानं नवीन आलेल्यांना अनेकदा शिकवलं होतं. खोबण भरून काढायला त्यानं उजवीकडचा दगड उचलला, माऊस डावीकडे नेला, आणि त्याचं बोट थांबलं. डोक्याला काही कळायच्या आत बोटाला कळलं. त्या खोबणीत त्याचं बोट बसत असे. शाळेतून आला की आई तिथे सुरी घासत उभी असायची, खर्र खर्र, आणि सुरी बाजूला ठेवली की तो त्या खोबणीत बोट घालून मागेपुढे फिरवायचा. दगड आईच्या हातानं कोमट झालेला असायचा. हळूहळू त्यानं फोटो लहान केला. दगडाचं सिंक झालं, सिंकाच्या वर खिडकी आली, खिडकीतून कुरण आलं. भिंती पांढऱ्या केलेल्या होत्या, कपाट नव्हतं, टेबल नव्हतं, आणि फोटोवाल्याच्या त्या रुंद भिंगानं खोली दोन्हीकडून ओढून नाचायला जागा व्हावी एवढी मोठी केली होती. पण ते त्यांचंच स्वयंपाकघर होतं. गेले दोन तास तो आपलंच घर साफ करत होता.

आणि मग, जरा उशिरानं, तळघरातून पाणी वर यावं तसं दुसरं काहीतरी वर आलं. चौदावा फोटो. कुरणाच्या कुंपणापाशी कोण उभं होतं? त्यानं माऊसवरचा हात उचलला आणि मांडीवर ठेवला. शेजारच्या टेबलावर मजकूरवाली बसली होती. माहितीपत्रकातला मजकूर लिहिणं हे तिचं काम, आणि लिहिताना मोठ्यानं म्हणून बघणं ही तिची खोड. 'दोनशे वर्षांचा वारसा,' ती म्हणत होती, 'दगडी चौकटीवर कोरलेलं साल, पुढेमागे बहरलेल्या बागा, आणि घोड्यांसाठी कुंपण घातलेलं स्वतंत्र कुरण.' मग त्याच्याकडे न बघता विचारलं, "कुरणातला आजोबा गेला ना रे?"

"गेला," तो म्हणाला.

"बरं झालं. सगळ्या फोटोंत कडमडत होता बिचारा."

त्यानं चौदावा फोटो परत उघडला. कुंपण, गवत, मागे सफरचंदाची दोन झाडं, स्वच्छ आभाळ. आभाळही त्यानंच बदललं होतं. केलेलं काम उलट दिशेनं मागे घ्यायची एक कळ असते, ती त्यानं दाबली. फळी मोडली आणि टोपी आली. पुन्हा दाबली, धड आलं. पाय आले, काठी आली, आणि उलट्या क्रमानं म्हातारा पुरा उभा राहिला. अजूनही तो कोणी ओळखीचा वाटेना, आणि खरा धक्का तोच होता. लहानखुरा, एका बाजूला कललेला, कोट खांद्यांवरून ओघळलेला, ओठांवर काही नाही. बाबांना मिशी होती. झुपकेदार, टोकाला पिवळसर, शिंकले तरी हलायची नाही अशी. त्यानं चेहरा मोठा केला, आणखी मोठा केला, तेव्हा चेहऱ्याचे चौकोन झाले, करडे आणि तपकिरी, आणि चौकोनांत बाप शोधत तो बसून राहिला. शेवटी फोटो लहान करून त्यानं म्हाताऱ्याचे हात बघितले. डावा हात कुंपणाच्या फळीवर होता, अंगठा आत दुमडलेला. घोडीनं चावलेला अंगठा. तेव्हा त्याची खात्री पटली.

बाबा घोड्यांचे डॉक्टर होते. सकाळी धुकं असायचं, कुरणात नुसत्या पाठी दिसायच्या, कधी त्याही नाही, आणि बाबा कप हातात घेऊन खिडकीशी उभे राहून सांगायचे, तांबडी लंगडतेय, म्हातारीनं रात्री पाणी प्यायलेलं नाही. तो डोळे फाडफाडून बघायचा. त्याला धुक्याशिवाय काही दिसायचं नाही. कसं ओळखता, म्हणून एकदा विचारलं तर बाबांना प्रश्नच कळला नव्हता. "कसं म्हणजे? ती तीच आहे म्हणून." त्या माणसाचा मुलगा भर दुपारच्या उजेडात, उत्तम यंत्रासमोर, चष्मा लावून बसला होता आणि त्याला आपला बाप गवतापेक्षा वेगळा वाटला नव्हता. त्याला स्वतःची लाज वाटली. साधी, लहानपणी वाटायची तशी लाज, कान तापवणारी. पाठोपाठ रागही आला, कारण चार वर्षांपूर्वी याच माणसानं त्याला चारचौघांत लाजवलं होतं. आई गेली तेव्हा दिवाणखान्यात लावायला तिचा मोठा फोटो हवा होता. फोटो शेवटच्या वर्षातला होता, आजारपणाचा. दोन दिवस खपून त्यानं तो नीट केला. डोळ्यांखालची काळी वर्तुळं काढली, मानेची सैल कातडी आवळली, हनुवटीवरचा तीळ काढला, केस दाट केले. आलेल्या सगळ्या नातेवाइकांनी वाखाणला. बाबांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "छान आहे. ही बाई कोण?"

सगळे हसले, तोही हसला. संध्याकाळची गाडी पकडून शहरात परत आला, आणि नंतर गेला नाही. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. भांडण नव्हतंच. काम होतं, अंतर होतं, बायकोची पाठदुखी होती, मुलीच्या परीक्षा होत्या, आणि दर रविवारी पाच मिनिटांचा फोन होता. पाऊस पडला का, गुडघा कसा आहे, बाकी ठीक. बायको म्हणायची, एकदा जाऊन तर ये. तो म्हणायचा, जाऊ की, ते काय पळून जातंय? खरोखर त्याला तसंच वाटत होतं. घर म्हणजे दोनशे वर्षं एका जागी उभी असलेली वस्तू. ते विकलं जाऊ शकतं, त्याला कुंपण आणि बागांसकट किंमत लागू शकते, आणि त्याचं पत्रक आपल्याच टेबलावरून जाऊ शकतं, हे कधी मनात आलंच नव्हतं. आता पाच वाजता फाईल छापखान्यात जायची होती. आणि त्याला ते घर हवं होतं. किती हवं होतं हे त्याला आत्ता, या खुर्चीत, दगडाच्या एका खोबणीवरून कळलं होतं, आणि इतक्या उशिरा कळलेली गोष्ट मागायला तोंड कुठून आणायचं ते कळत नव्हतं.

त्यानं पहिल्यापासून सगळे मूळ फोटो उघडले. हे त्यानं करायला नको होतं. दिवाणखान्याच्या फोटोत खिडकीच्या काचेत एक पुसट उभा आकार होता, तो त्यानं काचेचा दोष समजून काढला होता. झोपायच्या खोलीत दाराच्या चौकटीपलीकडून बुटांची दोन टोकं आत आलेली होती. पुढच्या बागेत गुलाबाच्या ताटव्यामागे कोपर आणि टोपीची कड. तबेल्यात फरशीवर लांब सावली, काठीसकट. तिच्यावर तर त्यानं दहा मिनिटं घालवली होती आणि फोटोवाल्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या, याला उजेड कळत नाही म्हणून. जिन्यात कठड्यावर हात. मागच्या बागेत विहिरीजवळ पाठ. म्हातारे मध्ये येतात, घर सोडवत नाही म्हणून घुटमळतात, हे त्यानं हजार वेळा बघितलं होतं, पण कोणी इतकं हटून, प्रत्येक खोलीत, प्रत्येक फोटोत आलेलं नव्हतं. फोटोवाल्यानं बाजूला व्हा म्हटलंच असणार. ते झाले नव्हते. का झाले नव्हते? आणि तो एकामागून एक, चहाचा घोट घेत, मजकूरवालीशी गप्पा मारत, मधेच शीळसुद्धा घालत, त्यांना चौदा वेळा काढत आला होता. चौदा वेळांत एकदाही हाताला अडखळल्यासारखं झालं नव्हतं. उलट आज हात चांगला चाललाय असं वाटलं होतं.

तो उठून बाहेर जिन्यात गेला आणि त्यानं ताईला फोन लावला. ताई त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी, शाळेत शिकवायची, आणि वर्गात बोलावं तसंच घरात बोलायची.

"कळलं वाटतं तुला," ती म्हणाली.

"मला का नाही सांगितलंस?"

"बाबांनी शपथ घातली होती मला. म्हणाले, तू मध्ये तोंड घालू नकोस, त्याला कळेलच."

"कसं कळणार होतं मला?"

"ते त्यांना विचार. कळलं ना शेवटी?" मागे मुलांचा गलका होता, तिनं दार लावल्याचा आवाज आला. "हे बघ, वरच्या खोलीचं छत गळतं. ते जिन्यावरून दोनदा पडलेत, तुला एकदाचंच सांगितलं. मी दर शनिवारी दोन तास गाडी चालवत जाते आणि दोन तास परत येते. मला आता झेपत नाही रे. विकू नका म्हणायचं असेल तर मला नको म्हणूस, त्यांना म्हण."

मग त्यानं विचारलं, "मिशी कधी काढली त्यांनी?"

"मिशी? दोन वर्षं झाली. हात थरथरतो, कोरता येत नाही, म्हणून सगळीच उतरवली. तुला माहीत नव्हतं?"

"फोनवर मिशी दिसत नाही," तो म्हणाला. एरवी ती यावर हसली असती. आज हसली नाही. तास आहे म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

जिन्यातल्या खिडकीतून रस्ता दिसत होता. समोरच्या इमारतीची काच पुसणारा माणूस दोरावर लोंबकळत होता, खाली एक बाई छत्री उघडावी की नाही या विचारात उभी होती. सगळं नेहमीसारखं चाललं होतं याचा त्याला राग आला. बाबांना काय म्हणायचं? विकू नका म्हणायला त्याच्याजवळ कारण काय होतं? मी येऊन राहीन असं म्हणता येत नव्हतं, ते खोटं होतं. मला हवंय म्हणणं खरं होतं, पण चार वर्षं ज्यानं पाऊल टाकलं नाही त्यानं ते म्हणणं म्हणजे निगरगट्टपणाच. तरी त्यानं नंबर लावला. पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला, म्हणजे ते फोनजवळच होते.

"हां, बोल," बाबा म्हणाले. रविवार नव्हता, पण आज कसा फोन असं त्यांनी विचारलं नाही.

"बाबा, घर विकताय तुम्ही."

"बघितलंस तर," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात काहीतरी उजाडलं. "मी ताईला म्हटलंच होतं. एजंटनं सांगितलं, फोटो शहरात जातात, अमक्या ऑफिसात. म्हटलं, अरे, ते तर आमच्या पोराचं ऑफिस. म्हणजे सगळे फोटो तुझ्याच हातात येणार. तो फोटोवाला मेला सारखा ओरडत होता, आजोबा, बाजूला व्हा. मी कसला होतोय! म्हटलं, काढायचा तर माझ्यासकट काढ. मुद्दाम उभा राहिलो सगळीकडे. विचार केला, तू बघशील, आणि बघितल्यावर फोन करशील. केलास तर एजंटला नाही म्हणून सांगायचं. नाही केलास, तर मग काय, विकायचंच. फोटो जाऊन तीन दिवस झाले. आज सकाळी वाटायला लागलं होतं की काही खरं नाही."

"बाबा—"

"आता झालं. केलास ना तू फोन. नाही विकत मी. छताचं बघू काहीतरी." आणि मग, हे त्यानं त्यांच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं, लाजल्यासारखं हसले. "कुठल्या फोटोत जरा बरा आलोय?"

जिना रिकामा होता. वरच्या मजल्यावर कोणीतरी दार उघडून बंद केलं. कुठलाही आकडा सांगितला असता तरी चाललं असतं. चौदावा, म्हटलं असतं, कुंपणाजवळचा, त्यात छान आलाय. एवढ्यावर घर राहिलं असतं, सिंक राहिलं असतं, रविवारचे फोन राहिले असते, आणि मूळ फोटोतून तो एक छापून, नीट चौकटीत घालून घेऊनही जाता आला असता. त्याच्या ओठांवर ते आलंसुद्धा होतं. पण आयुष्यात एवढं मन लावून कोणी आपल्यासमोर उभं राहिलं नव्हतं, आणि त्या माणसावर हाही एक हिरवा तुकडा ठेवायचा, हे त्याच्यानं होईना.

"मी तुम्हाला पुसलं, बाबा," तो म्हणाला.

"काय केलंस?"

"फोटोतून काढलं. घरमालक मध्ये आला की काढायचा असतो. मला कळलंच नाही तुम्ही आहात ते. चौदा फोटोंतून काढलं."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. म्हणजे इतका वेळ ते उभे होते.

"चौदाच्या चौदांतून?"

"हो."

"कुंपणापाशी तर मी सरळ समोर बघत होतो."

"हो."

"मग आज फोन का केलास?"

"पंधराव्यात सिंक होतं. त्याची खोबण ओळखली मी. आई सुरी घासायची ती. त्यावरून घर ओळखलं, आणि मग मागे जाऊन..." तो वाट बघत राहिला. त्यांनी रागवावं, आईच्या फोटोबद्दल काढावं, काहीतरी लागेल असं बोलावं, असं त्याला मनापासून वाटत होतं. बाबांचा श्वास तेवढा ऐकू येत होता, जरा घरघर असलेला, आणि तो श्वासही आपण ओळखला नसता असं त्याला वाटून गेलं.

"म्हणजे घरावरून मी ओळखू आलो," बाबा म्हणाले. घोड्याच्या पायावरून हात फिरवून झाल्यावर मालकाला काय ते सांगायचे, तो आवाज होता. त्यात राग नव्हता, कडवटपणा नव्हता, जे आहे ते होतं.

"हो," तो म्हणाला.

"मग घर विकून कसं चालेल?" बाबा म्हणाले. "सांगतो एजंटला."

त्यांनी फोन ठेवला. घर राहिलं होतं. तो जिन्याच्या पायरीवर बसला, आणि आपल्याला नेमकं हेच हवं होतं, हे त्याला बराच वेळ आठवेना.